झेब्रा डॅनियोची पिल्लं नवव्या दिवशी का मरतात

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. नाशिकमध्ये तुमचा दोन फुटी टँक आहे, त्यात आठ झेब्रा डॅनियो, म्हणजे अंगावर निळसर पट्टे असलेले बोटभर मासे. आतापर्यंत तीनदा अंडी पडली. पहिल्या वेळी मोठ्या माशांनीच ती फस्त केली. दुसऱ्या वेळी तुम्ही तळाशी गोट्या अंथरल्या, शंभरेक अंडी मिळाली, पण निम्मी पांढरी पडून त्यांवर कापसासारखी बुरशी आली. तिसऱ्या वेळी साठेक पिल्लं निघाली, दोन दिवस काचेला चिकटून राहिली, मग पोहायला लागली. तुम्ही उकडलेल्या अंड्याचा बलक आणि चुरलेलं फिश फूड घालत होता. तरी अंडी पडल्यापासून नवव्या दिवसापर्यंत एकही पिल्लू उरलं नाही. आता तुम्ही विचारताय की कोणतं औषध घालायचं, आणि आरओचं पाणी आणायचं का.

दोन्ही नको. तुम्ही दिवस मोजून लिहिले हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्या दिवसांतच आहे. पाणी खराब असतं, तर अंडी फुटली नसती किंवा पिल्लं पहिल्या दोन-तीन दिवसांतच गेली असती. साठ पिल्लं पोहू लागली याचा अर्थ नर-मादी चांगले आहेत, पाणी चालण्यासारखं आहे आणि तापमान जमलंय. डॅनियोचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा पोटाशी बलकाची पिशवी घेऊन येतं. साधारण पाचव्या दिवसापर्यंत ते त्या शिदोरीवर जगतं. शिदोरी संपते आणि त्याच सुमारास ते आडवं पोहायला, तोंड उघडायला शिकतं. तिथून पुढे तीन-चार दिवसांत पोटात काही गेलं नाही, तर शक्ती संपते आणि एकामागून एक पिल्लं तळाला जातात. नववा दिवस हा भुकेने मरण्याचा दिवस आहे.

तुम्ही म्हणाल, खायला तर रोज घालत होतो. मीही हेच म्हणायचो. मी डॅनियो, बार्ब आणि गोल्डफिश घरी वाढवायला लागलो त्याला आता अठरा वर्षं झाली, आणि पहिल्या वर्षी माझ्या लागोपाठ तीन खेपा अशाच गेल्या, तुमच्यासारख्याच, बलक घालता घालता. शेवटी ओळखीच्या एका प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे दोन मेलेली पिल्लं आणि चिमूटभर बलक घेऊन गेलो. त्यांनी दोन्ही एकाच काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. पिल्लाची अन्ननलिका रिकामी, सरळ दोऱ्यासारखी. शेजारी बलकाचे गोळे, त्यातले बरेचसे पिल्लाच्या तोंडापेक्षा मोठे. अन्नात राहून ती उपाशी मेली होती. ते दृश्य मी विसरलेलो नाही, आणि त्यानंतर माझं सगळं काम उलट्या क्रमाने सुरू झालं: आधी पिल्लांचं अन्न, मग अंडी.

हा क्रम माझ्या मनात पक्का बसला तो आजोळमुळे. कुडाळकडे आजोळ असल्याने लहानपणी जूनमध्ये चढणीचे मासे पाहिलेत. पहिला मोठा पाऊस झाला, ओहोळ भरून वाहू लागले, की नदीतले मासे उलट्या धारेने वर चढतात, थेट भातशेतात शिरतात. ठाणे-रायगडकडे यालाच वलगण म्हणतात. तेव्हा आम्हाला एवढंच कळायचं की या माशांच्या पोटात गाबोळी असते. पण मासा तिथेच का जातो, याचा विचार करून बघा. उन्हाळाभर शेतात वाळलेलं गवत, पालापाचोळा, शेणखत पडलेलं असतं. त्यावर चार बोटं कोमट पाणी साचलं, की दोन-चार दिवसांत ते कुजायला लागतं आणि पाण्यात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव तयार होतात. वर चढणाऱ्या माशांतले बहुतेक आपल्या बार्ब-डॅनियोचे भाऊबंदच. ते अंडी विखरून टाकतात आणि निघून जातात. घरटं नाही, राखण नाही, तोंडात धरणं नाही. आई-बापाची सगळी माया जागा निवडण्यात खर्च झालेली असते: पिल्लू तोंड उघडेल तेव्हा त्याच्या आजूबाजूला जेवण तरंगत असेल अशी जागा. म्हणूनच चढणीच्या दिवसांत पोटुशे मासे टोपलीभरून धरतात, तेव्हा मला त्रास होतो. एका मादीबरोबर शेकडो पिल्लांचा पावसाळा जातो.

झेब्रा डॅनियोचंही मूळ तेच. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर लिहिलं, त्यात या माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन आहे. आपण दुकानातून परदेशी समजून आणतो तो हा मासा आपल्याच देशातल्या संथ ओहोळांतला, डबक्यांतला आणि भातखाचरांतला. आपल्या टँकमध्ये अंडी टाकायला त्याला जागा मिळते, पण ते खाचर मिळत नाही. ते खाचर तुम्हाला बाटलीत तयार करायचंय, आणि अंडी पडायच्या किमान दहा दिवस आधी.

बाटलीतलं खाचर

भाताचा पेंढा किंवा कुठलंही वाळलेलं गवत मूठभर घ्या. फवारणी केलेलं नको. कात्रीने बारीक करून लिटरभर पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळा. थंड झालं की पसरट तोंडाच्या बरणीत ओता. त्यात पेलाभर टँकमधलं जुनं पाणी आणि स्पंज फिल्टर पिळून निघालेलं गढूळ पाणी दोन चमचे घाला. या गढूळ पाण्यातच सूक्ष्मजीवांचं विरजण असतं. त्याहून उत्तम म्हणजे जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात पॅरामेशियम या एकपेशीय जीवाचं कल्चर, म्हणजे वाढवलेलं विरजण, मागणं. विद्यार्थ्यांना दाखवायला ते बऱ्याचदा ठेवलेलं असतं, आणि ड्रॉपरभर पाणी पुरतं. तळ्यातलं पाणी विरजणाला वापरायचा मोह होतो. वापराच, पण सुती कापडाच्या चार पदरांतून गाळून. त्यातून येणारे सायक्लॉप्स आणि हायड्रा लहान पिल्लांना धरतात.

बरणी सावलीत, उजेडाच्या जागी ठेवा. तोंडाला कापड घट्ट बांधा. हे कापड विसरू नका, उघड्या बरणीत आठवड्यात डासांच्या अळ्या होतात आणि घरात डेंग्यूची भीती नको. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी दुधट होईल आणि वास मारेल. हे नुसते जिवाणू आहेत, हे पाणी पिल्लांना घालायचं नाही. बरेच जण इथेच चुकतात: पाणी गढूळ झालं म्हणजे इन्फ्यूझोरिया, म्हणजे पिल्लांना लागणारे सूक्ष्मजीव, तयार झाला असं समजून ते ओततात आणि टाकी नासवतात. थांबा. पाचव्या ते सातव्या दिवशी जिवाणूंना खाणारे मोठे जीव वाढतात, पाणी निवळून कोऱ्या चहासारखं होतं आणि वास कमी होतो. रात्री खोलीतले दिवे बंद करून बरणीच्या एका बाजूने टॉर्च धरा. उजेडाच्या झोतात धुळीसारखे पांढरे ठिपके आपापल्या वाटेने फिरताना दिसले, तर कल्चर तयार. ठिपके नुसते तरंगत खाली बसत असतील, तर ती घाण आहे.

अशा दोन बरण्या करा, चार दिवसांच्या अंतराने. एक बसली तर दुसरी हाताशी राहते. चालू ठेवायला आठवड्यातून एकदा तांदळाचे दोन-तीन दाणे टाकले की पुरतं. दुधाचा थेंबही चालतो, पण दुधाने हात घसरतो आणि सगळी बरणी आंबते, म्हणून मी तांदूळच वापरतो.

अंडी पडल्यावर बरणी भरायला घेतली तर? तरी उशीरच होतो. अंडी पडल्यापासून पाच दिवस तुमच्या हातात असतात आणि कल्चरला सात लागतात. हा दोन दिवसांचा फरक पिल्लांना भोवतो.

अंडी मिळवणं

हे तुम्हाला जमलंय, त्यामुळे फक्त सुधारणा सांगतो. पहिल्या वेळी अंडी खाल्ली गेली आणि दुसऱ्या वेळी निम्मी पांढरी पडली, ही दोन्ही मुळातली अडचण नव्हे. डॅनियो अंडी टाकतो त्या क्षणी वळून खातोही. त्याला ते अन्नच आहे. म्हणून अंड्याने खाली पडल्याबरोबर नजरेआड व्हायला हवं. गोट्यांचा एकच थर लावला तर मधल्या फटींत मासा तोंड घालतो, दोन-तीन थर हवेत. मी अलीकडे गोट्यांऐवजी वेगळ्या टाकीत बसवलेली प्लास्टिकची टोपली वापरतो, तीन मिलिमीटरच्या आसपास भोकं असलेली. डॅनियोचं अंडं मिलिमीटरहून किंचितच मोठं असतं आणि चिकट नसतं, त्यामुळे ते टोपलीतून खाली जातं आणि मासे वर राहतात. टोपली एका बाजूने थोडी उचलून ठेवा, म्हणजे एक कोपरा उथळ होईल. निसर्गात हा मासा काठाच्या उथळ पाण्यात अंडी टाकतो आणि टोपलीतही पाठलाग बहुधा त्या उथळ कोपऱ्यातच होतो.

आठवडाभर आधी मादी वेगळ्या ठेवा, जाळी घालून त्याच टँकमध्ये चालतील. दोघांनाही दिवसातून दोनदा चांगलं खायला घाला. डासांच्या अळ्या मिळाल्या तर त्यासारखं काही नाही. मादी वरून पाहिली की दोन्ही बाजूंनी फुगीर दिसते, नर सडपातळ आणि पोटाकडे सोनेरी झाक असलेला. संध्याकाळी दोन नर आणि एक मादी टोपलीत सोडा, दिवा बंद करा, वर कापड टाका. सकाळी उजेड झाल्यावर पहिल्या तास-दोन तासांत काम होतं. डॅनियोला पहाटेचा उजेड हाच इशारा असतो. प्रयोगशाळांतही त्यांना चौदा तास उजेड आणि दहा तास अंधार असंच ठेवतात. तुमच्या हॉलमध्ये रात्री बारापर्यंत दिवे चालू असतील, तर अंडी पडण्याची वेळ भरकटते. दहाच्या सुमारास मोठे मासे काढून घ्या. रिकामी दिसली तरी टाकी लगेच ओतू नका. तळाशी टॉर्च धरून पाहा, अंडी काचेच्या मण्यांसारखी पारदर्शक असतात आणि पहिल्यांदा डोळ्याला दिसत नाहीत.

पांढऱ्या अंड्यांबद्दल: बुरशीने अंडं मारलं असं वाटतं, पण बहुतेक वेळा उलट असतं. अंडं आधी मेलेलं किंवा मुळात फळलेलंच नसतं, आणि बुरशी त्यावर नंतर येते. आठांत नर किती आहेत ते पाहा. एक-दोनच असतील तर एवढी अंडी फळणार नाहीत. मादी पहिल्यांदाच अंडी टाकत असेल, किंवा बरेच दिवस अंडी पोटात धरून बसली असेल, तरीही पांढऱ्यांचं प्रमाण वाढतं. उपाय साधा आहे. अंडी सायफनच्या नळीने काढून पसरट डब्यात घ्या, मी आइस्क्रीमचे पांढरे डबे वापरतो. पाणी चार बोटांहून जास्त नको. संध्याकाळी पांढरी अंडी ड्रॉपरने वेचून टाका, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. मिथिलीन ब्लू, म्हणजे बुरशी रोखणारं निळं औषध, घालायचं असेल तर पाणी फिकट आकाशी दिसेल इतकंच घाला, गडद निळं नको, आणि मुख्य टँकमध्ये अजिबात नको. फिल्टरमधले उपयोगी जिवाणू त्याने मरतात. डब्यातलं निम्मं पाणी रोज त्याच तापमानाच्या पाण्याने बदला. अठ्ठावीस अंशांच्या आसपास पाणी असेल तर दोन ते तीन दिवसांत पिल्लं निघतात.

पाचवा दिवस ते दहावा दिवस

आता खरी परीक्षा. पिल्लं काचेला लटकलेली असतात तेव्हा काहीही घालायचं नाही. त्यांना भूक नसते, आणि घातलेलं कुजतं. चौथ्या-पाचव्या दिवशी ती एक काम करतात जे नजरेतून सुटतं: पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन हवेचा एक घोट घेतात, त्यातून त्यांची हवेची पिशवी भरते आणि ती आडवी पोहू शकतात. पृष्ठभागावर तेलाचा तवंग असेल, तर तो घोट घेता येत नाही. अशी पिल्लं तळाशी फरफटत राहतात आणि मरतात. बलकात तेल असतं. तुमच्या टाकीत बलकाने तीन नुकसानं एकदम केली: पिल्लांना गिळता आला नाही, तळाशी कुजून अमोनिया झाला आणि वर तवंग धरला. जुने लोक बलक मलमलीतून पिळून घालायचे, आणि ज्यांच्याकडे दुसरं काहीच नव्हतं त्यांनी त्यावर पिल्लं वाढवलीही. पण ते दिवसातून अनेकदा पाणी बदलायचे. एरवी मी बलक सुचवणार नाही. तवंग दिसला तर टिश्यू पेपर पाण्यावर अलगद टेकवून उचलून घ्या, दोन-तीनदा केलं की पृष्ठभाग स्वच्छ होतो.

पोहायला लागलेली पिल्लं वीस लिटरच्या टाकीत हलवा, पण सुरुवातीला पाणी वीतभरच ठेवा. एवढ्या पाण्यात अन्न आणि तोंड यांची गाठ पडते. पूर्ण भरलेल्या दोन फुटी टँकमध्ये तेच इन्फ्यूझोरिया विरून जातं. फिल्टर स्पंजचाच हवा आणि तो महिनाभर मुख्य टँकमध्ये चाललेला हवा. नवा कोरा स्पंज पाणी स्वच्छ करत नाही, पण पिकलेल्या स्पंजवर सूक्ष्मजीवांची साय असते आणि पिल्लं ती टोचून खातात. हवा अगदी मंद, सेकंदाला एक-दोन बुडबुडे. जावा मॉस या पाण्यातल्या शेवाळासारख्या वनस्पतीची एक गुंडी आणि दोन-तीन लहान गोगलगायी टाका. गोगलगायी उरलेलं अन्न साफ करतात आणि त्यांच्या विष्ठेवर पुन्हा सूक्ष्मजीव वाढतात.

इन्फ्यूझोरिया बरणीच्या वरच्या थरातून ड्रॉपरने घ्या, तळाचा गाळ नको. किती घालायचं? याला आकडा नाही, कारण तुमची बरणी किती दाट आहे यावर ते अवलंबून. मी वीतभर पाण्याच्या टाकीत सकाळ, दुपार, संध्याकाळ अर्धा-अर्धा कप घालतो आणि मग पिल्लू पाहतो. ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची. एक पिल्लू पाण्यासकट पांढऱ्या वाटीत घ्या आणि घड्याळजी वापरतात तसल्या भिंगाने किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघा. पोट किंचित फुगीर आणि आत पांढुरकं-तपकिरी काही दिसलं, तर ते जेवलंय. पोट खाली खपाटी आणि आतून आरपार दिसत असेल, तर तुम्ही कितीही घालत असा, त्याला मिळत नाहीय. सहाव्या दिवशी हे कळलं तर अजून वाचवता येतं. आठव्या दिवशी बहुधा नाही.

जोडीला बारीक पावडर फूड, पन्नास-शंभर मायक्रॉन असं लिहिलेलं, चालतं. काडीच्या टोकावर राहील इतकंच. घरी चुरलेलं फ्लेक फूड तेवढं बारीक होत नाही, कितीही खला. व्हिनेगरमधले सूक्ष्म कृमी, ज्यांना व्हिनेगर ईल म्हणतात, ते मिळाले तर फार सोयीचे. पाण्यात मरत नाहीत आणि पाण्याच्या वरच्या भागात वळवळत राहतात, जिथे पिल्लं शिकार करतात. मायक्रोवर्म नावाचे तसलेच बारीक कृमी उलट तळाला बसतात, म्हणून डॅनियोच्या पहिल्या आठवड्यात मी ते वापरत नाही. बार्बला चालतात.

नवव्या-दहाव्या दिवशी मोठी पिल्लं आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे चिमुकले जीव, घेऊ लागतात. नुकतं फुटलेलं आर्टेमिया साधारण अर्ध्या मिलिमीटरचं, म्हणजे पाचव्या दिवसाच्या डॅनियोला मोठंच. लिटरभर पाण्यात पंचवीस ग्रॅम जाडं मीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, जोरात हवा आणि वर दिवा. अठ्ठावीस अंशांना चोवीस तासांत फुटतात, नाशिकच्या थंडीत छत्तीस तास धरा. हवा बंद करून दहा मिनिटं ठेवा: टरफलं वर येतील, नारिंगी जीव खाली उजेडाकडे जमतील. नळीने तेवढेच काढा, बारीक कापडात गोड्या पाण्याने धुवा आणि घाला. टरफलं टाकीत जाऊ देऊ नका, पिल्लांच्या पोटात अडकतात. तासाभराने पिल्लांची पोटं नारिंगी दिसू लागतात. तो रंग दिसला की मला त्या खेपेची काळजी निम्मी होते. पण सगळ्यांची पोटं रंगेपर्यंत इन्फ्यूझोरिया बंद करायचा नाही. एकाच दिवशी निघालेल्या पिल्लांत लहान-मोठी पडतातच, आणि लहान्यांना अजून आठवडाभर बारीक अन्न लागतं.

या टाकीतलं पाणी पहिले पाच-सहा दिवस बदलू नका, फक्त तळाचा कचरा एअर लाइनच्या नळीने, टोकाला कापड बांधून, हलकेच ओढा. नंतर रोज दहावा हिस्सा. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढा. रात्रभर भांड्यात ठेवलं तरी बरंचसं जातं, किंवा क्लोरीन मारणारे हायपोचे (सोडियम थायोसल्फेट) खडे घाला.

काय परिस्थितीवर अवलंबून आहे

पाणी. डॅनियो कठीण पाण्यातही वाढतो, म्हणून आरओची गरज नाही असं म्हणालो. दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी पुष्कळदा जड असतं, महापालिकेचं धरणाचं पाणी बहुतेक ठिकाणी हलकं. तुमचं कुठलंही असलं तरी साठ पिल्लं पोहली, म्हणजे चालतंय. उद्या तुम्ही निऑन टेट्राकडे वळलात तर मात्र गोष्ट वेगळी. त्याची अंडी मऊ, आम्लधर्मी पाण्यात आणि अंधारात फुटतात, तिथे आरओचं पाणी लागेलच. ब्लॅक विडो टेट्रा मधला टप्पा म्हणून बरा.

तापमान. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत हीटर नसेल तर टँकचं पाणी वीस अंशांच्या खाली जातं. मासे अंडी टाकायचं टाळतात, टाकली तर उशिरा फुटतात, आणि मी दिलेले सगळे दिवस लांबतात. म्हणून दिनदर्शिकेपेक्षा पिल्लावर नजर ठेवा: काचेला लटकलंय की आडवं पोहतंय? आडवं पोहायला लागलं तो जेवणाचा पहिला दिवस. एप्रिल-मेमध्ये उलट, बत्तीस अंशांच्या वर पाण्यात प्राणवायू कमी पडतो आणि अन्न पटकन कुजतं. अशा दिवसांत वीज जात असेल तर बॅटरीवरचा पंप जवळ ठेवा. नाहीतर खेप पुढे ढकला.

मासा कोणता यावरही आहे. रोझी बार्बची अंडी थोडी चिकट असतात, त्यासाठी गोट्यांपेक्षा जावा मॉस किंवा लोकरीचा मॉप चांगला, आणि ती दीड दिवसात फुटतात, म्हणजे बरणी आणखी आधी तयार हवी. गोल्डफिशची अंडी तर झाडांना घट्ट धरतात, पण त्याचं पिल्लू मोठं असतं, आर्टेमिया लवकर घेतं. म्हणूनच ज्यांनी गोल्डफिशवर सुरुवात केली त्यांना हा पहिल्या आठवड्याचा अडथळा जाणवत नाही आणि ते इतरांना "चुरलेलं फूड घाला, वाढतात" असं सांगतात. त्यांचा अनुभव खोटा नाही, फक्त मासा वेगळा आहे.

आणि एक विचार आत्ताच करून ठेवा. नीट जमलं तर तीन महिन्यांत तुमच्याकडे इतके मोठे डॅनियो असतील की दोन फुटी टँकमध्ये ते मावणार नाहीत. मित्र, शाळेतली टाकी, ओळखीचा दुकानदार, कोणाला द्यायचे ते आधी ठरवा. गोदावरीत किंवा कुठल्याही तळ्यात सोडायचे नाहीत, देशी मासा असला तरी नाही. टाकीतले रोग आणि परजीवी त्यांच्याबरोबर जातात. टँकमधले सकरमाउथ, म्हणजे काचेला चिकटणारे परदेशी मासे, लोकांनी मोठे झाले म्हणून सोडले, आणि आज ते कित्येक तलावांत मच्छीमारांची जाळी फाडतायत.

पुढच्या खेपेसाठी असं करा. आज पहिली बरणी भरा, चार दिवसांनी दुसरी. आठवड्याने टॉर्च मारून ठिपके दिसले की मादी वेगळ्या करा. त्या जाळीमागे आठवडाभर खात असताना पहिली बरणी आणखी दाट होईल आणि दुसरी तयार. मग टोपली लावा. ठिपके दिसले नाहीत तर मासे एकत्र आणू नका, अंडी पुढच्या आठवड्यातही पडतील, डॅनियो काही दिवसांनी पुन्हा तयार होतो. शंभर अंड्यांतून पहिल्या यशस्वी खेपेला वीस-पंचवीस मासे मोठे झाले तर ती चांगली खेप समजा, माझी तेवढीच होती. साध्या वहीत रोज एक ओळ लिहा: तापमान, किती पांढरी अंडी काढली, कधी आडवी पोहली, पोट भरलेलं की खपाटी. अडलात तर त्या ओळी आणि सहाव्या दिवसाच्या पिल्लाच्या पोटाचा फोटो इथे टाका, त्यावरून मला नेमकं सांगता येईल.